जनावरांच्या खाद्यांत माती : औषध कीं भरताड?

अलीकडे पशुखाद्याच्या पोत्याबरोबर बेंटोनाइट नांवाच्या मातीची पिशवीही गोठ्यांत येऊं लागली आहे. ती चारल्यानें पचन सुधारतें व दूध वाढतें, असें विक्रेते सांगतात. शेतकरी बंधूंनीं पैसे मोजण्यापूर्वीं या म्हणण्यांत तथ्य किती, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ही माती आपल्याकडे कच्छ व बाडमेर भागांतील खाणींतून निघते. पाण्यांत फुगणें आणि अमोनियासारखे पदार्थ आपल्या थरांत धरून सावकाश सोडणें, हे तिचे गुण. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटांत असंख्य सूक्ष्म जंतु चारा आंबवितात व अमोनियापासून आपलें शरीर वाढवितात. पुढें तेच जंतु पचून जनावरास प्रथिनें मिळतात. पेंड किंवा युरिया फार झाला कीं अमोनिया एकदम वाढतो. दाणा फार झाला कीं आम्ल वाढतें. अशा वेळीं माती थोडाफार तोल सांभाळूं शकते, हें खरें. परंतु जिच्यापुढें बहुतेक कडबाच पडतो, त्या गाईच्या पोटांत अमोनियाचीच वानवा असते. तेथें मातीनें धरून ठेवावें तरी काय? कडबा चघळतांना सुटणारी लाळ आम्लाचा बंदोबस्त करतेच. मातींत अन्नांश तर मुळींच नाहीं.

तिचा खरा उपयोग निराळा आहे. दमट जागीं ठेवलेल्या भुईमुगाच्या व सरकीच्या पेंडीस बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न होतें. १९६० सालीं इंग्लंडांत लाखावर टर्की पक्षी भुईमुगाच्या अशाच पेंडीनें मेले, त्यावरून या विषाचा शोध लागला. गाईच्या पोटांत गेलेल्या या विषाचा अंश दुधांत उतरतो, व तें दूध आपलींच मुलें पितात. ही माती त्या विषास पोटांत बांधून बरेंचसें शेणावाटे बाहेर नेते. युरोपीय संघानें २०१३ सालीं या कामासाठीं तिला मान्यता देऊन किलोभर खाद्यास २० ग्रॅम ही कमाल मर्यादा घातली.

म्हणून स्वस्त मिळते तर बुरसट पेंड खुशाल घ्यावी व वर माती चारावी, असा अर्थ कोणी काढूं नये. सगळेंच विष मातीच्या हातीं लागत नाहीं. शिवाय सर्व माती सारखी नव्हे. १९९७ सालीं अमेरिकेंत कोंबड्यांच्या खाद्यांत मिसळलेल्या एका खाणीच्या मातींतच डायॉक्सिन हें घातक द्रव्य सांपडलें होतें.

पेंड फळ्यांवर, भिंतीपासून दूर व कोरडी ठेवावी. कुबट वास येतांच टाकून द्यावी. गाय आपण होऊन माती चाटूं लागली, तर तिला फॉस्फरसाची किंवा मिठाची उणीव आहे काय, हें पशुवैद्यास विचारावें. गांवोगांवच्या संघांनीं पेंड एकत्र खरेदी करून प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेंत तपासून घ्यावा. मातीवर एक रुपया खर्चण्यापूर्वीं कोरड्या कोठारावर दोन खर्चावे, हेंच आमचें सांगणें आहे.