प्रेरणेची मक्तेदारी आणि विटेची जाळी

सुखवस्तू वर्गासाठी निघणाऱ्या गुळगुळीत कागदांच्या मासिकांत हल्ली एक शब्द सारखा घोळवला जात असतो : प्रेरणा. कोणा वास्तुशिल्पज्ञाला म्हणे इटलीच्या द्राक्षमळ्यांतून प्रेरणा मिळाली, आणि म्हणून उपनगरातील बावीस मजली मनोऱ्याच्या दारात त्याने ग्रीक खांब उभे केले. कोणा सजावटकाराला राजस्थानातील एका वाड्याने प्रेरणा दिली, आणि म्हणून उद्योगपतीच्या दिवाणखान्यात शेणमातीने सारवल्यासारखी दिसणारी, पण परदेशी रंगाने रंगविलेली भिंत आली. या मंडळींचा तरुण कलावंतांना उपदेश ठरलेला असतो. भरपूर हिंडा, सुंदर वस्तू पाहा, त्यांची टिपणे ठेवा आणि डोक्यात वीज चमकण्याची वाट पाहत बसा.

हा उपदेश वरवर निरुपद्रवी वाटतो, परंतु त्याच्या पोटात मालकीचा एक संपूर्ण सिद्धान्त दडलेला आहे. कल्पना एकट्या व्यक्तीच्या डोक्यात उपजते. डोके तिचे, म्हणून कल्पना तिची. आणि कल्पना तिची, म्हणून वास्तूही तिची. ज्याने वीट भाजली, ज्याने ओळंबा धरला, ज्या बाईने पाट्या वाहिल्या, ते सारे केवळ हात. त्यांच्याजवळ काही कल्पना असू शकते ही शक्यताच या हिशेबात धरलेली नाही.

भाषांतराचे काम करणाऱ्याला शब्दाच्या मुळाशी जाण्याची खोड असते, म्हणून थोडे विषयांतर. इंग्रजांचा जो शब्द आपण 'प्रेरणा' असा मराठीत आणतो, त्याचा मूळ लॅटिन अर्थ आत श्वास फुंकणे असा आहे. कोणी दैवी शक्ती फुंकर घालते आणि कवी बोलू लागतो. आपल्या शब्दाच्या मुळाशी मात्र संस्कृतातील 'ईर्' हा धातू आहे : हलविणे, ढकलणे, चालना देणे. फुंकर आकाशातून आली असे मानता येते. ढकलणारा मात्र जमिनीवर उभा असावा लागतो. तेव्हा कोणत्याही कलाकृतीसंबंधी आपण विचारावयाचा पहिला प्रश्न असा की, हिच्या निर्मात्याला ढकलले कोणी?

हा प्रश्न घेऊन लॉरी बेकर यांच्या कामाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. बेकर यांचा जन्म १९१७ साली बर्मिंगहॅम येथे झाला. ते क्वेकर पंथाचे, युद्धविरोधी. महायुद्धात रुग्णसेवा पथकाबरोबर चीनमध्ये गेले आणि परतताना मुंबईत बोटीची वाट पाहत असता गांधीजींना भेटले. कुष्ठरोग्यांच्या वसतिस्थानांची बांधकामे पाहण्यासाठी १९४५ मध्ये ते भारतात आले आणि इथलेच झाले. ते मार्क्सवादी नव्हते, आणि त्यांना मरणोत्तर सभासदत्व बहाल करण्याचा आमचा इरादाही नाही. परंतु पिथोरागढच्या डोंगरात पत्नी डॉ. एलिझाबेथ यांच्यासह घालविलेल्या वर्षांत त्यांना जे उमगले, ते कोणत्याही भौतिकवाद्याने मान्य करावे असे आहे. विलायती पदविकेतील ज्ञान तेथे कुचकामी ठरले. दगड, माती आणि लाकूड वापरून डोंगरी माणसे जी घरे बांधीत, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रयोगांतून, चुका सुधारीत सिद्ध झालेली उत्तरे होती. बेकर त्या गवंड्यांचे शागीर्द झाले.

१९६० च्या दशकात ते केरळात आले. आता तेथे काय चालले होते ते पाहा. जमीन सुधारणा कायद्यातील दुरुस्ती १ जानेवारी १९७० पासून अमलात आली आणि जन्मी जमीनदारी संपुष्टात आली. दुसऱ्याच्या जमिनीवर, मालकाच्या मर्जीने झोपडी घालून राहणाऱ्या कुटुंबाला झोपडीभोवतीच्या जागेवर हक्क मिळाला. ग्रामपंचायतीच्या हद्दीत दहा सेंटपर्यंत. पाठोपाठ १९७२ मध्ये कॉ. अच्युत मेनन यांच्या सरकारने, गृहनिर्माण मंत्री कॉ. एम. एन. गोविंदन नायर यांच्या पुढाकाराने, भूमिहीन शेतमजुरांसाठी एक लाख घरांची योजना हाती घेतली. पायाखालची जमीन आपली झाल्यावर माणूस साहजिकच डोक्यावरचे छप्पर मागतो. स्वस्त आणि टिकाऊ घर कसे बांधावे हा प्रश्न त्यामुळे वास्तुशिल्पज्ञांच्या परिषदेतून उठून रस्त्यावर आला. बेकर यांना ढकलणारा हात हा होता. त्यांची हातोटी आधीपासूनची. तिला समाजाचा प्रश्न मिळाला तो वर्गसंघर्षाने मिळवून दिला.

उत्तरे कशी होती? बेकर विटा नेहमीसारख्या आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवीत आणि दोन रांगांच्या मध्ये पोकळी सोडीत. या बांधणीला रॅट-ट्रॅप म्हणतात. तीत सुमारे चतुर्थांश विटा वाचतात, चुना-सिमेंटही वाचते, आणि पोकळीतील हवेमुळे उन्हाचा ताव आत येत नाही. छताचा विचारही असाच. काँक्रीटच्या स्लॅबच्या खालच्या भागात ताण पेलतात त्या लोखंडी सळ्या. तेथील काँक्रीट बव्हंशी नुसते वजन म्हणून लटकलेले असते. मग तेथे जुनी मंगलोरी कौले घालून सिमेंट का वाचवू नये? दारावर काँक्रीटची तुळई टाकण्याऐवजी कमान. खिडकीची चौकट, तावदान आणि गज यांऐवजी विटांची जाळी. गिलावा नाही, म्हणून रंग नाही, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी रंगाऱ्याचा खर्चही नाही.

या जाळीवर जरा थांबले पाहिजे, कारण आमच्याच काही कॉम्रेडांशी वाद आहे तो येथे. त्यांचे म्हणणे असे की, पोट आधी, सौंदर्य मागाहून. गरिबाला चार भिंती द्या, नक्षी श्रीमंतांना लखलाभ. पण बेकर यांची जाळी ही नक्षी नव्हे. भिंतीतून काढता येतील तेवढ्या विटा काढून टाकल्या, वारा आणि उजेड आत घेतला, पावसाची झड आणि चोर बाहेर ठेवला, खिडकीचा खर्च वाचविला. एवढे सारे केल्यावर दुपारच्या उन्हाचे जे ठिपके जमिनीवर उतरतात, त्यांचे पैसे कोणी वेगळे दिले? येथे सौंदर्य काटकसरीच्या पोटी जन्माला आले आहे. तिरुवनंतपुरमजवळ पून्थुरा येथे १९७०-८० च्या दशकात बेकर यांनी कोळ्यांसाठी घरे बांधली. सरकारी वसाहतीची सरळ रांग मोडून त्यांनी ती मागेपुढे सरकवून बसविली. प्रत्येक घराला समुद्राचा वारा लागावा, समुद्र दिसावा, आणि मधल्या मोकळ्या जागेत जाळी वाळत घालता यावीत. रांग मोडण्याला खर्च येत नाही. राहणाऱ्याचा धंदा काय, हे विचारावे लागते इतकेच.

हे न विचारल्यास काय होते, याचे उदाहरण एक लाख घरांच्या योजनेतच आहे, आणि ते झाकून ठेवणे आपल्याला शोभणार नाही. योजनेचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी एकाच साच्याची, मधल्या एका भिंतीने जोडलेली जुळी घरे उभी राहिली. पुढे ती मोडकळीस आली. एका कुटुंबाने आपला भाग पाडून नवा बांधावा, तर शेजाऱ्याची भिंत उघडी पडू लागली. जमीन आणि घर देण्याचा निर्णय क्रांतिकारक, नकाशा मात्र नोकरशाही. वर्गीय भूमिका बरोबर असली की आराखडा आपोआप बरोबर येतो, असे मानणे हीदेखील एक प्रकारची दैवी फुंकरच आहे.

तिरुवनंतपुरमच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकाजवळ तंपानूर येथे इंडियन कॉफी हाउसची लाल विटांची गोल इमारत आहे. मूळच्या कॉफी हाउसांतून १९५७-५८ च्या सुमारास कॉफी बोर्डाने कामगारांना बाहेर काढले, तेव्हा कॉ. ए. के. गोपालन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सहकारी संस्था स्थापन केल्या आणि नोकर होते ते मालक झाले. त्यांच्यासाठी बेकर यांनी जिना व मजले ही कल्पनाच काढून टाकली. मधल्या गाभ्याभोवती एक उतार वर वळत जातो, बाहेरच्या जाळीदार भिंतीला लागून बांधीव मेजे आणि बाके आहेत, आणि तबक घेतलेला सभासद-कामगार एकही पायरी न चढता वरपर्यंत जातो. हमालापासून प्राध्यापकापर्यंत सगळे त्याच बाकावर बसतात. (सत्तरच्या दशकात कॉ. गोपालन आणि कॉ. अच्युत मेनन परस्परविरोधी आघाड्यांत होते, हे वाचकांना ठाऊक आहे. बेकर यांच्या विटांनी दोघांच्याही कार्याला आसरा दिला.)

आणि आता या सगळ्याचे भांडवलदारी पुनर्मुद्रण पाहा. 'बेकर शैली' नावाची वस्तू बाजारात आली आहे. बॅकवॉटरच्या काठावरील आलिशान विश्रामगृहात आणि बंगल्यांच्या दर्शनी भागात उघड्या विटा झळकतात. जवळ जाऊन पाहावे तर आत काँक्रीटचा सांगाडा, त्यावर पूर्ण जाडीची भिंत, आणि तिच्यावर विटेसारखी दिसणारी पातळ टाइल चिकटविलेली! ज्या बांधणीचे सारे प्रयोजन वीट वाचविणे हे होते, तिचे चित्र काढण्यासाठी जास्तीची वीट खर्च करायची. जी जाळी पंख्याची गरज कमी करण्यासाठी होती, तिच्या मागे काच लावून वातानुकूलन यंत्र बसवायचे. यालाच ते प्रेरणा म्हणतात. गरज काढून घेतली, रूप तेवढे ठेवले.

आमच्यावर आक्षेप येईल की, बेकर यांचे तंत्र आता जुने झाले. मजुरी वाढली आहे, कुशल गवंडी मिळत नाही. यात तथ्य आहे. केरळात आज पुष्कळ बांधकाम बंगाल, ओडिशा आणि आसामातून आलेल्या कामगारांच्या हातांवर चालते. विटेसाठी भातखाचरांची माती खरवडणे हाही गंभीर प्रश्न आहे. म्हणजेच बेकर यांची वीट जशीच्या तशी उचलणारा भक्त आणि टाइल चिकटविणारा कंत्राटदार यांत फरक थोडा. १९८५ साली अच्युत मेनन, अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज आणि बेकर यांनी त्रिशूर येथे स्थापन केलेल्या कॉस्टफर्ड या संस्थेने पुढे माती आणि बांबूची कामेही केली, ती याच जाणिवेतून. प्रत्येक ठिकाणचा कच्चा माल, हवा आणि मजुरी यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

काँक्रीटबाबतही हेच. दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९७२ च्या आशियाई व्यापार मेळाव्यासाठी राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांनी उभारलेले हॉल ऑफ नेशन्स आठवावे. पाश्चात्य देशांत अशी अवकाशी चौकट पोलादी नळ्यांची करतात. येथे पोलाद दुर्मिळ आणि महाग, हात मात्र मुबलक. म्हणून तीच चौकट कामगारांनी जागेवर काँक्रीट ओतून उभी केली. टंचाईने आणि श्रमाने घडविलेली ती वास्तू एप्रिल २०१७ मध्ये रातोरात जमीनदोस्त करण्यात आली. जुने ठरवून पाडायचे आणि त्या जागी काचेचे आणायचे, ही त्या सरकारची प्रेरणा.

परंतु काचेचा मोह केवळ सरकारलाच असतो असे म्हणण्यास जागा राहिलेली नाही. कष्टकऱ्यांच्या वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या काही कचेऱ्या आणि सहकारी संस्थांच्या इमारती पाहाव्यात : पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड करून काचेचा पडदा, पायरीवर घसरडा ग्रॅनाइट, आणि सभागृह असे की वीज गेली की सभा संपली. ज्या बांधकाम कामगार युनियनचा फलक त्याच इमारतीवर झळकतो, तिच्या सभासदांना नकाशा कोणी दाखविला होता काय?

म्हणून येत्या काळात जेथे जेथे आपल्या संघटनांची बांधकामे व्हावयाची असतील, तेथे नकाशा समितीपुढे मंजुरीस येण्यापूर्वी स्थानिक गवंडी, सुतार आणि वीटभट्टी कामगार यांच्या सभेत तो मांडला जावा, आणि त्यांचे म्हणणे लेखी स्वरूपात नकाशाला जोडले जावे. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेल्या बांधकाम उपकराचा जो निधी साठला आहे, त्यातून रॅट-ट्रॅप बांधणी, कौले घातलेला स्लॅब आणि मातीकाम यांचे शिक्षण, शिकण्याच्या काळातील पूर्ण मजुरीसह, मिळावे ही मागणी युनियनांनी आपल्या मागणीपत्रकात घालावी.