उत्तरेला निघण्यापूर्वी

यंदा आमच्यापैकी बरेच जण प्रथमच उत्तरेला निघाले आहेत. स्वेटर, कॅमेरा, चिवडा यांच्या याद्या झाल्या. काय वाचावे, काय ऐकावे, हे मात्र कोणी विचारीत नाही. माझे मत विचाराल तर गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' वाचल्याशिवाय गाडीत पाऊल ठेवू नये. वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने निघाला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशी पडली तेव्हा तो शहरातच होता. त्याची भीती, त्याची उपासमार वाचताना क्रमिक पुस्तकातली राणी एकदम हाडामांसाची होते.

गाण्याचे म्हणाल, तर ग्वाल्हेरचे कृष्णराव शंकर पंडित ऐकावेत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरलाच वासुदेवबुवा जोशांकडे शिकले आणि तिथली गायकी त्यांनी महाराष्ट्रात रुजवली. (शिकवणारे जोशी, गाणारे पंडित, मग 'तिकडचे' कोण आणि 'इकडचे' कोण?)

आणि आपल्या सहलीत? आग्रा आहे, दिल्लीला तीन दिवस आहेत. झाशी आणि ग्वाल्हेर मात्र रात्री झोपेत मागे पडणार. ताजमहालाला माझ्या शिफारशीची गरज नाही. प्राध्यापकांना विनंती एवढीच, की दिल्लीतला एक दिवस कापून ग्वाल्हेरला द्यावा. आरक्षण अजून व्हायचे आहे.