पिल्लाला आधी ऊब, मग औषध

अंड्यातून बाहेर आलेलं कोंबडीचं पिल्लू दोन-तीन दिवस काही न खाता-पिता तग धरू शकतं. २१ दिवसांची उबवण संपत आली की उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जातो, आणि तीच त्याची पहिली शिदोरी. आईच्या रक्तातली थोडी रोगप्रतिकारशक्तीही याच बलकातून मिळते. एकदिवसीय पिल्लांचा सगळा व्यापार या सोयीवर उभा आहे. उबवणी केंद्रातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात निघालेलं पिल्लू टेम्पोतून धक्के खात दुसऱ्या जिल्ह्यातल्या वाडीवर जिवंत पोचतं. खरी परवड सुरू होते ती तिथे पोचल्यावर.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यातली काही पिल्लं पिसं फुलवून, पंख टाकून, डोळे मिटून बसतात. घरचं माणूस तालुक्याच्या दुकानात जातं, लक्षणं सांगतं आणि अँटिबायोटिकची पुडी घेऊन येतं. पाण्यात चिमूटभर, सकाळ-संध्याकाळ. पशुवैद्याकडे शेळी नेली जाते, गाय आजारी असेल तर डॉक्टरला घरी बोलावलं जातं. पिल्लासाठी मात्र कुणी फिरकत नाही, कारण पिल्लाच्या किमतीपेक्षा जाण्यायेण्याचाच खर्च जास्त. हे व्यवहाराला धरून आहे. पण त्यातून पडलेली पुडीची सवय चुकीची आहे, कारण पहिल्या आठवड्यातली बरीच दुखणी अँटिबायोटिकने बरी होण्यातली नसतातच.

बहुतेकदा पिल्लू गारठलेलं असतं. सुरुवातीचे दहा-बारा दिवस त्याला स्वतःच्या शरीराचं तापमान नीट राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, मग दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवायची. खुडूक कोंबडी हे काम पंखाखाली घेऊन बिनबोभाट करते. खोक्यातून आलेल्या पिल्लांना ती नसते. तापमापी नसली तरी अडत नाही, पिल्लंच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब जाऊन चोची उघडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त झाली. सगळीकडे सारखी पसरून टिपत फिरत असतील तर ऊब बरोबर आहे. मध्यरात्री वीज जाते, पिल्लं कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरून मरतात. म्हणून जाणकार पिल्लांभोवती पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा गोल कठडा करतात. त्याला चिकगार्ड म्हणतात आणि त्याचा मुख्य गुण एवढाच की त्याला कोपरा नसतो. वीज नाही म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणं मात्र धोक्याचं. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूने पिल्लं जातात, माणसंही जातात.

गारठा, प्रवासाचा ताण किंवा अति उष्णता, यांपैकी काहीही झालं तरी पिल्लाची विष्ठा पातळ होते, मागे चिकटते आणि वाळून वाट बंद करते. एवढ्याशा कारणाने पिल्लू मरतं. उपाय औषधाच्या दुकानात नाही, चुलीवरच्या कोमट पाण्यात आहे. मऊ फडक्याने घाण भिजवून हळूच काढायची, पिल्लू कोरडं करायचं आणि परत उबेला ठेवायचं. ओढून काढायची नाही, कातडी सोलवटते. जवळच पोटावर बेंबीची वाळकी काडी दिसते, तिला तर हातही लावायचा नाही. अंड्यातून अर्धवट बाहेर आलेल्या पिल्लाबाबतही हात असेच आवरावे लागतात. कवचाला पहिलं छिद्र पाडल्यापासून बाहेर यायला त्याला बारा-चोवीस तास लागू शकतात. तोवर आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या चालू असतात, आणि दया येऊन कवच सोलणारा त्या फाडून ठेवतो.

पायांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण तीन वेगवेगळी दुखणी लांबून सारखीच दिसतात. पहिल्याच दिवसांत पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकले असतील तर दोष बहुधा गुळगुळीत जमिनीचा. खाली पसरलेलं तूस पिल्लाने खाऊ नये म्हणून त्यावर वर्तमानपत्र अंथरण्याची पद्धत आहे. पण कागदावर पिल्लू घसरतं आणि कोवळे सांधे वाकतात. गोणपाट किंवा खरबरीत कागद घालावा आणि दोन्ही पाय योग्य अंतरावर चिकटपट्टीने सैलसर बांधावेत. लगेच केलं तर तीन-चार दिवसांत पिल्लू सरळ उभं राहतं. आठवडा उलटल्यावर फारसं काही हाती लागत नाही. दुसऱ्या प्रकारात बोटं आत वळलेली असतात आणि पिल्लू घोट्यांवर टेकून चालतं. ही रायबोफ्लेविनची, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाची कमतरता. सुरुवातीला ते दिलं तर सुधारणा होते, मज्जातंतू कायमचे बिघडल्यावर होत नाही. तिसरा मॅरेक्स. १९०७ मध्ये योझेफ मारेक या हंगेरियन पशुवैद्याने त्याचं वर्णन केलं. यात पक्षी लंगडतो तो काही आठवडे किंवा महिने गेल्यावर, आणि त्यावर उपचार नाही. लस आहे, पण ती पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात मानेच्या कातडीखाली टोचावी लागते. तिन्ही दुखण्यांवर दुकानातली पुडी एकच मिळते आणि तिन्हींवर ती कुचकामी.

कमतरतेच्या आजारांचा तर कोंबड्यांशी जुना संबंध आहे. १८९० च्या दशकात जावा बेटावरच्या बटाव्हियात, आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. लष्करी इस्पितळातला उरलेला, कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात त्यांना घातला जात होता. नवा आचारी आला, मुलकी कोंबड्यांना लष्कराचा भात द्यायला त्याने नकार दिला, कोंडा न काढलेला तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उठून चालू लागल्या. आइकमानना याच कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालं; जीवनसत्त्वांच्या शोधाची ही सुरुवात होती. आणि तरीही आज कितीतरी घरांत खोक्यातल्या पिल्लांपुढे फक्त तांदळाच्या कण्या टाकल्या जातात. आईमागे परड्यात फिरणारं पिल्लू वाळवी, किडे, कोवळं गवत टिपून उणीव भरून काढतं. कोंडलेल्याला ती मुभा नसते. पहिल्या काही तासांत गूळपाणी, मग मक्याचा बारीक भरडा आणि लगोलग पिल्लांचं तयार खाद्य, हे त्याला मिळायलाच हवं.

काही दुखणी मात्र पिल्लू घरी येण्याआधीच लागलेली असतात. बेंबी नीट न मिटलेली, पोट फुगलेलं, घाण वास येणारं पिल्लू म्हणजे बलकाला जंतुसंसर्ग झालेला. त्याचं मूळ घाणेरड्या अंड्यांत किंवा अस्वच्छ उबवणी यंत्रात असतं. असं पिल्लू क्वचितच वाचतं. ते लगेच वेगळं काढावं आणि हाल होत असतील तर त्याला वेदनेविना संपवणं हीच दया, हे कटू असलं तरी खरं आहे. पांढऱ्या हगवणीचा पुलोरम रोग तर थेट आईकडून अंड्यात उतरतो. अमेरिकेने त्यावर पिल्लांना औषधं पाजत बसण्याऐवजी १९३५ मध्ये राष्ट्रीय योजना आखून अंडी देणाऱ्या मातृकळपांच्या रक्ततपासण्या सुरू केल्या, बाधित पक्षी बाजूला काढले आणि तिथल्या व्यापारी कळपांतून रोग जवळपास हटवला.

आपल्याकडे उलट झालं. जिवाणूंवरचं शेवटचं अस्त्र मानलं जाणारं कोलिस्टिन कोंबड्यांच्या पाण्यात मिसळलं जात होतं. केंद्र सरकारला जुलै २०१९ मध्ये खाद्य-प्राण्यांसाठी त्यावर बंदी घालावी लागली. बंदीने एक औषध गेलं, सवय गेली नाही. गारठलेल्या पिल्लाला दिलेलं प्रत्येक अनावश्यक अँटिबायोटिक त्या परड्यातल्या जंतूंना औषध पचवायला शिकवतं, आणि तेच जंतू उद्या त्या घरातल्या माणसाच्या पोटात जाऊ शकतात. पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुवायला मुलांना सांगायचं तेही यासाठीच.

राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची एकात्मिक कुक्कुट विकास योजना ५० टक्के अनुदानावर १०० एकदिवसीय पिल्लांचा गट देते. २५ तलंगा, म्हणजे तरुण माद्या, आणि ३ नर असाही गट मिळतो. नवख्या घरात आईविना १०० पिल्लं सोपवणं म्हणजे त्या घरातल्या बाईवर रात्रंदिवसाचं काम टाकणं, कारण परसातल्या कोंबड्या बहुतेक बायाच सांभाळतात. तेव्हा खोकं हातात देण्याआधी त्यांना एक दिवसाचं प्रात्यक्षिक मिळावं: ऊब कशी ओळखायची, बूड कसं धुवायचं, पाय कसा बांधायचा. खोक्यावर मॅरेक्सची लस दिल्याची तारीख आणि मातृकळपाच्या तपासणीची नोंद छापलेली असावी. पाच ते सात दिवसांच्या पिल्लांना मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस डोळ्यात थेंब टाकून देतात. ती द्यायला माणूस गावात यावा. पहिल्या आठवड्यात ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त पिल्लं गेली तर भरपाई उबवणी केंद्राने द्यावी, तोटा लाभार्थ्याने सोसू नये.

जत्रेत लाल-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं विकायला येतात. ती बहुधा अंड्यांच्या जातीतली, उबवणी केंद्राला नको असलेली नर पिल्लं असतात. घरी दिवा, कठडा आणि रात्री उठून बघणारं माणूस नसेल, तर मुलांनी कितीही हट्ट धरला तरी ती विकत घेऊ नका.