एका गुणाचें मोल

आमच्या घरांतील तरुण मंडळींस फुटबॉलचें वेड आहे; आम्हांस नाहीं. परंतु ज्यानें सारा जन्म मुलांच्या गुणांची बेरीज करण्यांत घालविला, त्यास एका गुणानें हुकलेला पाहिला कीं चैन पडत नाहीं. परवां थोरल्या नातवानें इंग्लंडांतील लीड्स युनायटेड या संघाच्या १९७१-७२ सालच्या हंगामाचा तक्ता आम्हांस दाखविला, तेव्हां असेंच झालें.

त्या वर्षींच्या लीगमध्यें प्रत्येक संघास बेचाळीस सामने होते. विजयास दोन गुण व बरोबरीस एक. शेवटीं डर्बी काउंटीचे ५८ गुण झाले आणि लीड्सचे ५७. लीड्सच्या अंगीं बळ नव्हतें असें कोण म्हणेल? मार्च १९७२ मध्यें त्यांनीं साउदॅम्प्टनवर सात गोल चढविले व एकही घेतला नाहीं. ६ मे रोजीं वेंब्लीच्या मैदानावर क्लार्कच्या एकुलत्या एका गोलानें आर्सेनलचा पराभव करून त्यांनीं एफ. ए. चषक जिंकिला. ज्या जोन्सनें त्या गोलासाठीं चेंडू पुरविला, त्याचें कोपर शेवटीं निखळलें. तशाच बांधलेल्या हातानें तो पदक घेण्यास पायऱ्या चढला. पुढें अवघ्या दोन दिवसांनीं वुल्व्हरहॅम्प्टन येथें लीगचा शेवटचा सामना. केवळ बरोबरी पुरेशी होती. परंतु थकलेला संघ दोन विरुद्ध एक असा हरला, आणि आपले सामने आधींच संपवून बसलेली डर्बी अजिंक्य ठरली.

तर मग तो एक गुण गेला कोठें? त्याचा शोध आदल्या वर्षांत घ्यावा लागतो. १७ एप्रिल १९७१ रोजीं लीड्सच्याच मैदानावर वेस्ट ब्रॉमविचचा एक गोल ऑफसाइड असतांही पंचांनीं मान्य केला, अशी प्रेक्षकांची समजूत झाली. लोक संतापून मैदानांत घुसले. लीड्स तो सामना हरले, व त्या वर्षींही अजिंक्यपद एकाच गुणानें आर्सेनलकडे गेलें. प्रेक्षकांच्या या वर्तनाबद्दल शिक्षा झाली ती अशी कीं, नव्या हंगामांतील घरचे पहिले चार सामने लीड्सनें परक्या मैदानांवर खेळावे. त्यांतील दोन बरोबरींत सुटले. आपल्या मैदानावर ते जिंकलेच असते असें कोणी छातीठोकपणें सांगूं नये. परंतु त्यांतील एक जरी जिंकिला असता, तरी गुण ५८ झाले असते, व गोलांच्या सरासरींत लीड्सच सरस होते.

खेळाडूंनीं काय केलें होतें? नातवाचा हाच प्रश्न होता, आणि तो आम्हांस लागला. मास्तरकी करीत असतां आम्हींही एकदां फळ्याकडे तोंड असतां झालेल्या गोंगाटाबद्दल सबंध वर्गास उभें केलें होतें. पहिल्या बांकावरील एका गरीब मुलाचे पाणावलेले डोळे आम्हांस अजून दिसतात. ती शिक्षा न्याय्य होती असें आज आम्हांस वाटत नाहीं.

परंतु शिक्षा न्याय्य असो वा नसो, क्रोधाची रीत मात्र हीच आहे. रागाच्या भरांत दाराशीं एकजण बोलून जातो, आणि त्याचें व्याज सारें घर वर्षभर फेडीत राहतें. त्यांतही पहिला हप्ता बहुधा त्या घरांतील निरपराध माणसासच भरावा लागतो. लीड्सच्या प्रेक्षकांचें आपल्या संघावर प्रेम नव्हतें असें नाहीं. तें फार होतें; म्हणूनच तर ते मैदानांत धांवले. वाचकहो, आपल्या माणसांवर प्रेम करणाऱ्यानें हें एवढें ध्यानांत ठेवावें.