अब्बांचा बेंजो आणि थॉम्पसनसाहेबांची गिटार

आमचा भाचा बर्मिंगहॅमला असतो. कोकणातली बरीच मुस्लिम कुटुंबे तिकडे कधीपासूनची स्थायिक आहेत; मशिदीबाहेर रत्नागिरीकडची बोली कानावर पडते आणि क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळत नाही. ऑक्टोबरात आम्ही उभयता पंधरा दिवस त्याच्याकडे होतो. एका दुपारी तो म्हणाला, "मामू, संध्याकाळी गिटार ऐकायला येता का? रॉकवाले आहेत."

आम्ही लगेच नाही म्हटले. रॉक म्हणजे वाढवलेले केस आणि कानठळ्या, एवढेच आमचे ज्ञान. शिवाय वाद्याचा विषय निघाला की आम्हाला जरा अवघडच होते. त्याचे कारण पुढे येईल.

"वादक पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत," भाचा म्हणाला, "आणि मुसलमान आहेत."

हे ऐकून बेगमनेच शाल काढली. मगरिब उरकून निघालो. गाव तासाभराच्या वाटेवर होते, त्यामुळे गाडीत भाच्याने सगळी हकीकत सांगितली.

नाव रिचर्ड थॉम्पसन. जन्म १९४९ चा, लंडनचा. वडील स्कॉटलंडचे, पोलिसात होते. १९६७ साली, अठराव्या वर्षी, मित्रांसोबत 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' नावाचा ताफा काढला. इंग्लंडच्या खेड्यांतली जुनी लोकगीते त्यांनी इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमवर आणली. १२ मे १९६९ ला बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून लंडनला परतताना त्यांची व्हॅन महामार्गावर उलटली. एकोणीस वर्षांचा ड्रमवादक मार्टिन लॅम्बल गेला, थॉम्पसन यांची मैत्रीणही गेली. ते स्वतः वाचले. पुढे १९७४ च्या सुमारास त्यांनी इस्लाम स्वीकारला. १९७५ च्या रेकॉर्डवर डोक्याला साफा बांधलेला त्यांचा फोटो आहे. ज्या सूफी मंडळीत ते राहत, तिथल्या शेखांना इलेक्ट्रिक गिटार पसंत नव्हती. त्यांनी ती बाजूला ठेवली. काही काळ संगीतच बंद. मग १९७८ साली नवी रेकॉर्ड आली. गिटार परत हाती आली आणि दीनही सुटला नाही.

यावर आम्ही गाडीत काही बोललो नाही.

सभागृह आपल्याकडच्या तालुक्याच्या नाट्यगृहाएवढे. प्रेक्षकांत बहुतेक पांढऱ्या केसांचे. काळी बेरे टोपी घातलेला एक गृहस्थ एकटाच साधी गिटार घेऊन आला आणि उभ्यानेच वाजवू लागला. ड्रम नाही, धूर नाही. आम्हाला वाटले, पडद्यामागे आणखी कोणी वाजवतो आहे. भाच्याने बोट दाखवले: नखी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, तिने खालच्या स्वराची तार छेडायची आणि उरलेल्या बोटांनी त्याच वेळी गाण्याची चाल काढायची. जाड तार उतरवून लावलेली, ती सनईच्या साथीला सूर धरतात तशी घुमत राहते. स्कॉटलंडच्या पिशवीच्या बाजाचा गुण त्यात आहे म्हणे. एक गाणे जुन्या व्हिन्सेंट मोटारसायकलचे होते, मरता मरता ती आपल्या प्रेयसीला देऊन जाणाऱ्या पोराचे. इंग्रजी निम्मे कळले, तरी बेगमने डोळे पुसले. मध्यंतरात लोक प्याले घेऊन उभे. आम्ही चहा शोधत फिरलो.

संगीत जायज की नाजायज, हा वाद उलेमांचा आहे. या पानावर तो आम्ही सोडवू, असे कोणी समजू नये.

आता ते कारण. अब्बा बुलबुलतरंग वाजवत. आमच्याकडे त्याला बेंजो म्हणतात. इशानंतर पडवीत बसून अर्धा तास, बस्स. आम्ही पुण्याला शिकून आलो, वय बावीस, अंगात नवा जोश. एका संध्याकाळी चार पाहुण्यांदेखत म्हणालो, "अब्बा, नमाजी माणसाला हे शोभत नाही." अब्बांनी वाजवणे थांबवले, बेंजो चादरीत गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. त्याला एकतीस वर्षे झाली. थॉम्पसनसाहेबांनी गिटार ठेवली ती स्वतःच्या मनाने आणि उचलली तीही स्वतःच्या मनाने. अब्बांना ती मोकळीक आम्ही ठेवली नव्हती. चूक वाद्याबद्दलच्या मताची होती की पाहुण्यांदेखत बोलण्याची, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. दुसरी तर नक्कीच होती.

परत आल्यावर शिडी लावून आम्ही तो खाली काढला. तारा गंजलेल्या, चादरीला उंदरांनी कुरतडलेले. अब्बा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, एका कानाने कमी ऐकू येते. त्यांच्यापुढे ठेवला आणि माफी मागितली.

ते बराच वेळ बटणांवरून बोट फिरवत राहिले. "तुझ्या सांगण्यावरून कुठे ठेवला होता?" म्हणाले. "हे तिसरं बटण अडकत होतं."

खरे की आमची लाज राखायला, कोण जाणे. बटण दाबून पाहिले, तर खरेच अडकत होते. पण एकतीस वर्षे माळ्यावर पडल्यावर कोणतेही अडकेल.

दुसऱ्या दिवशी चिपळूणला तारा आणायला गेलो.