खुर्चीच्या चाकाचा नट

गेल्या आठवड्यात एका आजींना पाहण्यासाठी त्यांच्या घरी गेलो होतो. न्हाणीघराच्या उंबरठ्यावर चाकाच्या खुर्चीचे पुढचे लहान चाक निखळले आणि त्या हातावर पडल्या. हाड शाबूत राहिले, मनगट मात्र चांगलेच सुजले होते. चिरंजीव खजील होऊन म्हणाले, "डॉक्टर, चाकात गुंतलेले केस काढायला परवाच ते उघडलं होतं. नट पुन्हा घट्ट बसवला होता."

तोच जुना नट बसवला होता आणि घोटाळा तिथेच झाला.

या नटाच्या तोंडाशी आतल्या बाजूस नायलॉनचे निळे किंवा पांढरे कडे असते. बाजारात त्याला नायलॉक नट म्हणतात. कड्याला आटे नसतात. बोल्ट त्यात दाबून शिरतो आणि त्या दाबामुळे हादऱ्यांनीही नट ढिला होत नाही. प्रत्येक उघडझापीत ही पकड कमी होते. मी काही मिस्त्री नव्हे, पण परीक्षा सोपी आहे. नट बोटांनी फिरवावा. बोल्ट कड्याला टेकला की पान्याशिवाय तो पुढे सरकता कामा नये. बोटांनीच शेवटपर्यंत गेला, तर तो नट टाकून द्यावा. हात टेकण्याच्या गादीसारख्या ठिकाणी या परीक्षेत उतरलेला नट पुन्हा वापरण्यास हरकत नाही. चाके आणि ब्रेक यांच्या बाबतीत मात्र मी परीक्षाही घेऊ देत नाही. उघडला की नवा. औषधाच्या एका गोळीच्या किमतीत नट मिळतो, तिथे काटकसर कशाला?

दुकानात जुना नट बोल्टसह न्यावा, म्हणजे आटे जुळतात. बसवल्यावर बोल्टचे टोक नटाबाहेर निदान एक आटा तरी दिसले पाहिजे. नट आवळण्याचा अतिरेकही नको: खुर्ची मिटते त्या सांध्यावरचा नट करकचून आवळला, तर ती मिटणारच नाही, आणि लहान चाकाचा आवळला तर चाक अडखळते. तेथे पकड कड्याचीच असते, आवळण्याची नव्हे.

आठवड्याने, खुर्ची रिकामी असताना, प्रत्येक चाक आडवे हलवून पाहावे.