क्लचप्लेट आणि बेणे



ऊस विकास खात्याचा लेख म्हटल्यावर लागण, खोडवा, हुमणी असं काहीतरी वाचावयास मिळणार अशी आपली अपेक्षा असेल. आज मात्र आम्ही मोटारसायकलच्या क्लचविषयी चार शब्द लिहिणार आहोत. हा विषय आपल्या खात्याचा नव्हे, हे खरं. पण आज दारात बैलजोडी नसेल, मोटारसायकल मात्र घरटी आहे. खताचं पोतं तिच्यावर, दुधाची किटली तिच्यावर, आणि तोडणीच्या टोळीमागे धावायचं तेही तिच्यावरच. आमचे कर्मचारी शिवारभर हिंडतात ते तिच्याच जिवावर. ऐन हंगामात तिचा क्लच गेला की माणसाचे पायच मोडल्यासारखे होतात.

गेल्या उन्हाळ्यात कामानिमित्त आम्ही नवी मुंबईस वाशीच्या बाजार समितीत गेलो होतो. मुंबईचा कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ साली व फळे-भाजीपाल्याचा १९९६ साली तिकडे हलला. बाजाराबरोबर आपल्या भागातील माथाडी मंडळीही तिकडेच स्थायिक झाली. आपल्याच एका सभासदाचा मुलगा तिथे हमालीस आहे. पहाटे तीनला घणसोलीहून तो मागे जोडीदाराला घेऊन निघतो आणि तुर्भ्याच्या मार्केटात पोचतो. मार्केटाच्या तोंडाशी मालट्रकांची रांग. त्या गर्दीतून हाफ क्लचवर इंच-इंच पुढे सरकायचं, हे रोजचंच.

आम्ही गेलो त्या दिवशी त्याची गाडी गॅरेजला होती. चारच महिन्यांपूर्वी त्याने क्लचप्लेटी बदलल्या होत्या. कंपनीच्या महाग वाटल्या म्हणून एका दुकानातून बिनानावाच्या पिशवीतला संच घेतला. शे-चारशे रुपये वाचले. आता मिस्त्रीने क्लचचं झाकण उघडलं, तर प्लेटीवरचा थर सुटून त्याचा भुगा ऑइलच्या जाळीत बसलेला! मिस्त्री म्हणाला, "अजून महिनाभर रेटली असती, तर क्लच नाही, इंजिनच उघडावं लागलं असतं." मुलाचे दोन दिवसांचे रोजगार बुडाले ते वेगळेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

इथे थोडं यंत्राचं ज्ञान हवं. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्या ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यात बुचासारख्या किंवा कागदी थराच्या प्लेटी आणि साध्या पोलादी प्लेटी एकाआड एक बसवलेल्या असतात व स्प्रिंगा त्यांना आवळून धरतात. थर झिजला की प्लेटी घसरतात. मग इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. चढावर, ओझ्यावर हे लगेच समजतं. थर चिकटवण्याचं काम कच्चं असेल तर झिजण्याआधीच तो सुटतो, आणि ऑइल एकच असल्याने त्याचा त्रास साऱ्या इंजिनला होतो. म्हणून आरसा किंवा पायपुसणी घ्यावी तशी क्लचप्लेट घेता येत नाही.

मग ओरिजिनलच घ्यावी काय? आमचं मत असं की हा प्रश्नच अर्धवट आहे. बाजारात माल दोन प्रकारचा नाही, तीन प्रकारचा आहे.

पहिला, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला. दुसरा, सुटे भाग बनविणाऱ्या नामांकित कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यातला. पुष्कळ सभासदांना हे ठाऊक नसतं, की गाडीची कंपनी आपले सगळे भाग स्वतः बनवीत नाही. आपल्या वाळूजचंच उदाहरण घ्या. बजाजचा कारखाना १९८५ साली तिथे आला. त्याच सुमारास सुरू झालेली एंड्युरन्स ही कंपनी गाड्यांच्या कंपन्यांना क्लच पुरविते आणि स्वतःच्या नावानेही बाजारात विकते. असा माल दुय्यम समजण्याचं कारण नाही. तिसरा प्रकार म्हणजे बिनानावाचा, किंवा त्याहून वाईट, दुसऱ्याचं नाव छापलेला.

आपल्या भाषेत सांगावयाचं तर हे बेण्यासारखं आहे. पाडेगाव किंवा मांजरीहून आणलेलं पायाभूत बेणं उत्तमच. पण त्याच बेण्यापासून, देखरेखीखाली सभासदाच्या शेतात वाढवलेल्या बेणेमळ्यातलं बेणंही आपण निर्धास्त लावतो. कारण त्याचं मूळ ठाऊक असतं. फसतो कोण? जो शेजारच्या खोडव्यातून, स्वस्त मिळालं म्हणून, मिळेल ते बेणं ओढून आणतो. काणी दिसते तेव्हा वेळ गेलेली असते. क्लचचंही तसंच. नाव कोणाचं, यापेक्षा मूळ कुठलं, हे पाहावयास हवं.

काही सभासद म्हणतील, "साहेब, कंपनीचा माल म्हणजे नुसते नावाचे पैसे." यात तथ्य नाही असं नाही. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. जुन्या गाडीत प्रत्येक वस्तू कंपनीच्याच खोक्यातली घालावी असा आमचा आग्रह नाही. जुनी येझदी घ्या. तिचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. आज तिला बाहेरच्या मालावाचून गती नाही. पण स्वस्त-महाग ठरवताना खोक्याची किंमत पाहू नये, किलोमीटरचा हिशेब करावा. समजा, बिनानावाचा संच सहाशेचा, मजुरी-गॅस्केट चारशे, आणि तो चालला दहा हजार किलोमीटर. हजार किलोमीटरला शंभर रुपये पडले. चांगला संच बाराशेचा, मजुरी तीच, आणि तो चालला पंचवीस हजार. तर चौसष्टच पडले. उसाचं आपण एकरी न बघता टनामागे खर्च बघतो, तसंच हे.

सबब आमची शिफारस अशी. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीचाच माल, अधिकृत ठिकाणीच बसवावा. वॉरंटी संपली असेल तर कंपनीचा किंवा नामांकित कारखान्याचा, जो पक्क्या बिलावर मिळेल तो घ्यावा. खोक्यावर बनविणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष व छापील किंमत आहे का, हे वाचावं. सुट्या पिशवीतला माल फुकट दिला तरी घेऊ नये. खताचं पोतं आपण शिलाई पाहून, बिल घेऊन उचलतो. इथेच का डोळे मिटावेत?

आणखी एक. दोष पुष्कळदा प्लेटीचा नसतोच. केबल फार ताणलेली असली की क्लच पुरता जुळत नाही; लिव्हरला पुस्तिकेत दिलेली ढील ठेवावी. मोटारकारचं ऑइल मोटारसायकलला घालू नये. त्यातल्या काही ऑइलने प्लेटी घसरतात. डब्यावर 'जासो एमए' हा शिक्का पाहावा. नव्या प्लेटी ऑइलमध्ये भिजवून बसवाव्यात, आणि पोलादी प्लेटी वाकल्या आहेत का, स्प्रिंगा बसल्या आहेत का, हे मिस्त्रीकडून समोर तपासून घ्यावं. आणि हाफ क्लचची सवय सोडावी. दोन पोती टाकून चिखलातून क्लचवर गाडी खेचली, तर ओरिजिनल प्लेटसुद्धा बिचारी काय करील?

तुर्भ्याच्या त्या पोराने नंतर नामांकित कारखान्याचा संच बिलासह घेतला. तो आम्हास म्हणाला, "वडील बेणं बघून घेतात, मी प्लेट बघून घेतली नाही." यापेक्षा वेगळं आम्हास काही सांगावयाचं नाही. पुढील अंकी पुन्हा आपल्या उसाकडे वळू.